मास्तरांचा ठेवणीतला शब्द

मास्तरांना ज्यानं कुणी पहिल्यांदा पाहिलं, त्यानं त्यांना फिरताना पाहिलं. रस्त्यानं न्हाय, घाण्यावर. मुरूम गावात आमचा करडईचा लाकडी घाणा होता. बैलाच्या डोळ्याला झापडं बांधायची, तो गोल फिरायचा, त्याच्या मागं एक फळी अन् फळीवर वजन. वजन असलं म्हणजे दाणा नीट चेचतो, तेल सुटतं. आधी आम्ही फळीवर दगड ठेवत होतो. मास्तर आमच्या घाण्याशेजारच्या खोलीत राहायला आले अन् तिसऱ्या प्रहरानंतर दगडाची गरज उरली न्हाय. शाळा सुटली की शेरवानीसकट येऊन फळीवर बसायचे, इंग्रजी पुस्तक उघडायचे अन् बैलाबरोबर फिरत राह्यचे. दिवेलागणीला उतरायचे. उतरल्यावर जरा वेळ भिंतीला धरून उभे, कारण घर त्यांच्याभोवती फिरत असायचं.

"मास्तर, चक्कर येत न्हाय का?" मी विचारायचो.

"येते की. म्हणून तर बसतो."

माझ्या अप्पांना, म्हणजे वडलांना, हे फार पसंत. फुकटचं वजन. "दगडाला शिकवलं तरी असा बसणार न्हाय," म्हणायचे. शाळेतली पोरं त्यांना तेली मास्तर म्हणत, कारण शेरवानीला कायम कच्च्या तेलाचा वास. मास्तरांना त्याचं काही वाटायचं न्हाय. दिसायलाही मास्तर काही नव्हते. मान बगळ्यासारखी, दात पुढं, अन् चालताना एक खांदा वर. हैदराबादचे. घरची भाषा मराठीच, पण शहरात वाढलेले, त्यामुळं बोलण्यात अर्धं दखनी उर्दू. बायको-पोरं न्हाईत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नक्को रे बाबा, मी फिरणारा माणूस." आता घाण्यावर फिरणारा माणूस कुठं जातो? पण ते असं बोलायचे.

मी त्या वेळी नुकतं मिसरूड फुटलेला गडी. चौथीपर्यंत उर्दूतनं शिकलो, मग अप्पांनी काढून बैलामागं लावला. शिकल्यातलं आता काही उरलं न्हाय. तरी इंग्रजीतला एक शब्द मला पक्का येतो, अन् त्याचं मूळ-कूळही सांगता येतं. बी.ए. झालेल्या माझ्या सुनेला येत न्हाय.

तो शब्द म्हणजे ब्यूटियसली.

मास्तर म्हणायचे, हा शब्द बाजारात चालत न्हाय. खुद्द इंग्रज तो रोज वापरत न्हाय. त्याच्याजवळ त्याच अर्थाचा दुसरा एक शब्द हाय, ब्यूटिफुली, तो कुठंही चालतो, कचेरीत, जेवताना, टपालात. "तो खाकी कपड्यातला शब्द हाय, मियाँ. हा पेटीत ठेवलेल्या पैठणीसारखा. हा फक्त कवितेत बाहेर निघतो." मग फळीवर बसल्या बसल्या त्याचं मूळ सांगायचे. उन्हाळ्याची दुपार, माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातनं उन्हाचा एक खांब खाली उतरलेला, त्यात करडईची टरफलं उडत असायची. मास्तर त्या खांबातनं जायचे, उजळायचे, पलीकडं विझायचे, परत यायचे. त्यामुळं ती गोष्ट मला तुकड्या-तुकड्यानं ऐकू यायची. जवळ आले की मोठ्यानं, लांब गेले की बारीक.

सांगायचे असं. फार जुन्या काळी रोम म्हणून गाव होतं. तिथल्या लोकांचा 'चांगलं' असा एक साधा शब्द होता. आपण बाळाला सोन्या-बाळ्या म्हणतो तसं त्यांनी त्या 'चांगलं'चं लाडकं रूप केलं. लहान लेकराला, आवडत्या माणसाला म्हणायचं. म्हणजे ह्या शब्दाच्या आजीचं नाव सुंदर न्हाय, तिचं नाव 'लाडाचं चांगलं'. मग ती फ्रान्सात गेली, तिथं तिचं ब्यूटे झालं. फ्रान्सचे लोक इंग्रजांवर राज्य करायला गेले तेव्हा दरबाराबरोबर तीही गेली. "आपल्याकडं दरबारची उर्दू आली, तशी. शेतात राबणारा मराठी-कानडी बोलतो, कागद उर्दूत निघतो. तिकडंही हेच." मग तिच्यामागं एक शेपूट लागलं, त्याचा अर्थ भरलेलं. काठोकाठ. अन् अखेरीला जे 'ली' हाय, ते इंग्रजाच्या घरचं, मातीतलं. फार मागं त्याचा अर्थ होता देह.

"बघ," मास्तर म्हणायचे, "लाडाचं चांगलं, काठोकाठ भरलं, अन् त्याला देह आला. येवढं सगळं एका शब्दात. अन् हा शब्द वस्तूवर बसत न्हाय. फुलावर न्हाय, तोंडावर न्हाय. हा करण्यावर बसतो. कुणी काही कसं केलं, त्यावर."

मी म्हणायचो, "म्हंजे माझ्या तेलाला न्हाय म्हणता येणार?"

"तेलाला न्हाय. तेल काढण्याला येईल."

"मग म्हणा की."

मास्तर माझ्याकडं बघायचे, बैलाकडं बघायचे. "तू घाई करतो. बैल पाणी पितो ना, त्याला एकदा म्हटलंय मी."

खरंच म्हटलं होतं. बैलाला मिळाला, मला मिळाला न्हाय.

त्यांचं हे वेड गावभर माहीत होतं. आठवड्याच्या बाजारात मास्तर काही घ्यायचे न्हाईत. कुणाच्या तरी पुढं उभे राह्यचे अन् बघत बसायचे. एकदा कासारणीपुढं उभे राहिले. ती एका रडणाऱ्या पोरीच्या हातात बांगडी चढवत होती. हात दाबत, फुंकर घालत, मधेच तिला काहीबाही सांगून हसवत. मास्तर किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. कासारीण भडकली.

"काय बघतोस रं मुडद्या? बायको कर अन् तिच्या हाताला बघ!"

मास्तरांनी दोन्ही डोळे मिटले अन् म्हणाले, "ब्यूटियसली!"

"आगं बया, शिवी दिली यानं! शिवी दिली व्हय रं मला?"

मी पळत गेलो. "न्हाय मावशी, तारीफ केली. विलायती तारीफ हाय."

"तारीफ करायला मराठी मेली का?"

येताना मीही तेच विचारलं. मास्तर म्हणाले, "मराठीतले शब्द सगळ्यांच्या हातातनं गेलेत रे. देखणं म्हटलं की लगेच पोरगी आठवते, भाव आठवतो. हा कुणाच्या हाताचा न्हाय. चोख राहिलाय."

शाळेत तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब तपासणीला आले तेव्हाही हाच शब्द फळ्यावर होता. साहेबांनी विचारलं, "ये लफ्ज इम्तिहान में आता क्या?"

"जी नहीं हुजूर."

"फिर कायकू सिखाते?"

"हुजूर, इम्तिहान के बाद भी तो जीना है ना बच्चों को."

साहेब हसले म्हणे. पण त्या वर्षी मास्तरांची बढती झाली न्हाय. त्यांच्या ते ध्यानातही आलं न्हाय.

आता हिचं सांगतो. ही म्हणजे नीलव्वा, माझी मंडळी. गेल्या थंडीत गेली. सांगायला बसलो मास्तरांचं, पण मास्तर आठवले की ही आठवतेच, त्याला इलाज न्हाय.

हिचं माहेर आळंदच्या रस्त्यावरचं, कानडी बोलणारं गाव. हिचे वडील करडई घेऊन आमच्या घाण्यावर यायचे, त्या सुगीत हीही गाडीत बसून आली. लहानपणी देवी आलेल्या, सगळ्या तोंडावर वण. मला वण दिसले न्हाईत असं मी म्हणणार न्हाय, दिसले. पण ती करडईची पोती मोकळी करत होती अन् बैलाच्या डोळ्यावरची झापडं बघून तिनं तिच्या वडलांना कानडीत काहीतरी विचारलं, अन् विचारून तिची तीच हसली. मी मास्तरांना म्हटलं, "काय म्हणाली ती?" मास्तरांना कानडी थोडं यायचं. म्हणाले, "विचारते, ह्याला वाटत असंल का, की आपण लांबच्या गावाला निघालोय?"

बास. त्या दिवसापासनं मला दुसरी पोरगी नको होती.

तिला आधी बरीच स्थळं बघून गेली होती, सगळ्यांनी पाणी पिऊन पाठ फिरवलेली. तिच्या वडलांनी आमच्या अप्पांकडं शब्द टाकला. अप्पा घरी येऊन भडकले. "माझ्या दारात बाया तेल घ्यायला येतात. सून गल्ल्यावर बसणार. वणाचं तोंड बघून गिऱ्हाईक फिरंल." मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तू बैल हाक." त्या काळी बापापुढं पुढचं वाक्य नव्हतं.

पण हिचे वडील जुने गिऱ्हाईक. बघायलासुद्धा न गेलं तर बोलणं व्हायचं. म्हणून अप्पांनी ठरवलं, जायचं अन् खायचं न्हाय. आमच्याकडं त्या वेळची रीत अशी होती: पोरगी बघायला गेलं तर पाणी घ्यायचं, पान घ्यायचं, पण घास मोडायचा न्हाय. घास मोडला म्हणजे पसंत. बघायला आलेल्यातल्या कुणीही मोडला तरी चालतो. मग माघार न्हाय, माघार घेतली तर पुन्हा त्या घराला कुणी पोरगी देत न्हाय. न खाता उठलं म्हणजे न्हाय म्हणायचीही गरज न्हाय, आपोआप कळतं. नकाराची लई सोपी तरकीब.

मास्तरांना सोबत घेतलं ते शेरवानीसाठी. अप्पांनी जायच्या आदल्या दिवशी फळीजवळ उभं राहून बजावलं, "मास्तर, तिथं तोंडात काही टाकायचं न्हाय. कळलं?"

"हौ हौ," मास्तर फिरत फिरत म्हणाले, अन् पुस्तकाचं पान उलटलं.

गाडीतनं गेलो. मास्तर रस्ताभर हरभऱ्याच्या शेतांकडं बघत होते. मी काही बघत नव्हतो. मला ठाऊक होतं, संध्याकाळी परत येऊ तेव्हा सगळं संपलेलं असणार.

तिथं सोप्यात घोंगडी अंथरलेली. नीलव्वा पाणी घेऊन आली. अप्पांनी रीतीप्रमाणं चालून दाखवायला सांगितलं, केस बघितले, सुईत दोरा ओवायला लावला. तिनं सगळं केलं. मान खाली, पण दोरा एका दमात ओवला. मग अप्पांना वाटलं, नकार शिकलेल्या माणसाच्या तोंडून गेला तर आपलं नाव राहील.

"मास्तर, तुमी चार बुकं शिकलेले. तुमीच सांगा. पोरगी देखणी हाय का?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. घाई केली न्हाय. म्हणाले, "न्हाय."

आतनं तिच्या आईचा हुंदका आला. मला त्या घडीला मास्तरांच्या मानेला धरून घाण्यात घालावंसं वाटलं. येवढा शब्दांचा माणूस, अन् एवढाच शब्द सापडला? अप्पांचा चेहरा मात्र खुलला. "बरं, निघतो आमी, उन्हं कलली," म्हणत ते वाहाणा घालायला अंगणात उतरले. तिचे वडील त्यांच्या मागं, "पावनं, जरा बसा की, एवढं काय..." मीही दारात जाऊन उभा राहिलो. खाली बघत होतो. अंगणात एक कोंबडी मातीत अंग घुसळत होती, ती मला अजून दिसते.

अन् पाठीमागनं आवाज आला.

"ब्यूटियसली!"

वळून बघितलं तर मास्तरांच्या पुढं ताट, ताटात भाकरी अन् जवसाची चटणी, चटणीवर तेलाची धार. हातात मोडलेला तुकडा, अन् तोंड चालू. डोळे मिटलेले, कासारणीपुढं मिटले होते तसे.

हिचे वडील अंगणातनं बघत राहिले. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "घास मोडला! पावन्यांनी घास मोडला!" शेजारपाजारचे लोक आत आले. कुणी गूळ आणला. अप्पा एका पायात वाहाण घालून तसेच उभे होते. चारचौघांपुढं घडलेलं, परतायला वाटच उरली न्हाय.

येताना गाडीत अप्पांनी मास्तरांचे वाभाडे काढले. "बजावलं होतं का न्हाय तुमाला? बजावलं होतं का न्हाय?"

"बजावलं होतं," मास्तर म्हणाले.

"मग?"

"भूक लागली होती."

"भूक! माझ्या घराचं वाटोळं केलं अन् म्हणतो भूक! आवं, खाल्लं तर खाल्लं, वर वरडला कशापायी?"

मास्तरांनी शेरवानीवरचा भाकरीचा कण झटकला. म्हणाले, "चटणीत मीठ कमी होतं."

मी गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलो होतो. रस्ता माझ्या पायाखालनं मागं जात होता अन् आभाळ तांबडं झालेलं. अप्पांच्या शिव्या मला सनईसारख्या ऐकू येत होत्या. खोटं कशाला सांगू.

लग्न झालं. नीलव्वा गल्ल्यावर बसली अन् एकही गिऱ्हाईक फिरलं न्हाय. उलट बाया तेल घेऊन झाल्यावरही तिच्याजवळ बसून राह्यच्या. अप्पा पुढं तिच्या हातचंच जेवायचे. पण मास्तरांना त्यांनी माफ केलं न्हाय. आल्यागेल्याला सांगायचे, "हे आमचे मास्तर. विलायतेची भाषा येते, पण कुठं खावं कळत न्हाय." लोक हसायचे. मास्तरही हसायचे अन् फळीवर चढायचे. पुढं पुढं गावात कुणी वेंधळेपणा केला की लोक म्हणायचे, मास्तरासारखा घास मोडलास की. तेही मास्तरांनी ऐकलं. एकदाही तोंड उघडलं न्हाय.

मग रझाकारांचा दंगा सुरू झाला, शाळा बंद पडली. एका सकाळी मास्तर खोली झाडून, पुस्तकं बांधून निघाले. हैदराबादला म्हातारी बहीण होती. नीलव्वानं त्यांना दही-भाकरी बांधून दिली अन् पाया पडली. मास्तर तिला काहीतरी म्हणाले, कानडीत, हळू. तिनं मान हलवली. मी विचारलं तर म्हणाली, "आशीर्वाद दिला." मास्तर पुन्हा आले न्हाईत. कुठं गेले, जगले का, कळलं न्हाय. फळीवर आम्ही परत दगड ठेवला. अप्पा त्या दगडाकडं बघून एकदा म्हणाले, "वजन तेवढंच हाय, पण घाणा मुका झाला." म्हणाले अन् लगेच बैलावर ओरडले.

लग्न झाल्यापासनं आयुष्यभर मी ही गोष्ट सांगत आलो. सोयऱ्यांना, पोरांना, नातवंडांना. सांगायची माझी तऱ्हा ठरलेली. तुमच्या आजीनं त्या दिवशी अशी भाकरी थापली, अशी पातळ, चंद्रासारखी गोल, की विलायतेचा पेटीतला शब्द मास्तरांच्या तोंडातनं आपोआप बाहेर पडला. बैलानंतर तो शब्द आमच्या घरात कुणाला मिळाला असंल तर हिच्या भाकरीला. ही तिकडं चुलीपुढं बसून ऐकायची अन् काही बोलायची न्हाय.

गेल्या थंडीत ही अंथरुणाला खिळली. दुपारी मी तिच्या उशाशी बसायचो. माझ्या हातची भाकरी दुधात कुस्करून द्यायचो, ती जाड व्हायची, कच्ची राह्यची. एका दुपारी मीच म्हटलं, "माझ्या भाकरीला मास्तर काय म्हणाले असते गं?"

ती किती दिवसांनी हसली. म्हणाली, "त्या दिवशीची भाकरी माझी नव्हतीच. आईनं केलेली. एका अंगानं करपली होती."

"मग मास्तर...?"

"तुमी सगळे उठून गेला. मास्तर एकटेच बसले होते. म्या ताट आणून त्यांच्या म्होरं ठेवलं."

"तू ठेवलंस?"

"मग कोण ठेवणार? आई तर आत रडत बसली होती. दुसऱ्या कुणी घास मोडला नसता. शहरातला माणूस, ह्याला रीत ठाऊक नसंल, असं वाटलं. पण त्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् हळूच इचारलं, 'पोरी, मी हे खाल्लं तर काय होईल ठाऊक हाय का तुला?'"

भिंतीवर उन्हाची तिरीप होती, ती तिच्या पायापाशी आली होती.

"म्या म्हटलं, 'ठाऊक हाय. म्हणून तर ठेवलंय.' मग ते तुमच्याकडं बघाया लागले. तुमी दारात पाठमोरे उभे. मला म्हणाले, 'हा?' म्या मान हलवली. तवा त्यांनी तुकडा मोडला, अन् वरडले ते."

म्हणजे तो शब्द भाकरीला नव्हता, ताट ठेवण्याला होता. इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो. अन् अप्पांनी अन् साऱ्या गावानं त्या माणसाला खुळ्यात काढलं, तरी त्यानं हिचं नाव घेतलं न्हाय.

"जाताना तरी काय म्हणाले होते गं कानडीत?"

"म्हणाले, तुझ्या तेल्याला सांगू नको येवढ्यात. त्याला भाकरीचं कौतिक करू दे."

"अन् तू आजपावेतर सांगितलं न्हाईस?"

"तुमी इतकं रंगून सांगत होता," नीलव्वा म्हणाली, "मला ती भाकरी मोडवंना."

हसताना तिला ठसका आला. मी तिला उठवून बसतं केलं, पाणी पाजलं अन् ती टेकून बसली माझ्या खांद्याला, उन्ह भिंतीवरनं उतरून जाईस्तोवर.